हालचालवाले टेंभुर्णे सर

आमच्या कॉलेजच्या मैदानावर सकाळी सकाळी कुणी आलं, तर त्याला एक प्राध्यापक खुर्चीवर बसलेले दिसतील. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, पायात बूट, सगळं रीतसर. फक्त खुर्ची उलटी. मैदानाकडे पाठ आणि तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे. मागून एक मुलगी धावत येते, भाला फेकते. सर भिंतीकडे बघतच विचारतात, "कसा गेला?"

"डावीकडे गेला, सर."

"काऊन गेला?"

"खांदा लवकर उघडला वाटते."

यावर सर फक्त "हं" म्हणतात आणि मुलगी भाला आणायला जाते.

हे टेंभुर्णे सर. आमगावजवळच्या आमच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात ते किनेसिऑलॉजी शिकवतात. हा शब्द आमच्या शिपायाला, भाजीवालीला आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षाच्या पोरांनाही धड उच्चारता येत नाही. म्हणून सगळे त्यांना हालचालवाले सर म्हणतात. शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकवतो तर हालचालवाला, त्यात चूक काय, असं सरांचं मत. मी या कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि राहते त्यांच्या शेजारी. त्यामुळे ते शास्त्र मला घरी आणि दारी, दोन्हीकडे भेटतं.

उलट्या खुर्चीचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. खेळाडू भाला फेकतो आणि भाल्याकडे बघायच्या आधी मास्तरच्या तोंडाकडे बघतो. तोंड हसरं असेल तर फेक चांगली, आंबट असेल तर वाईट. असं मास्तरचं तोंड वाचता वाचता तो स्वतःचं अंग वाचायचं विसरतो. मग स्पर्धेत मास्तर लांब बसला की पोरगं चुकतं, आणि का चुकलं तेही त्याला कळत नाही. चूक कधी सांगावी, किती सांगावी आणि कधी मुळीच सांगू नये, यावर सरांचं संशोधन माझ्या नोकरीच्या आधीपासून चालू आहे. त्यांच्या मागण्यांमुळे ग्रंथालयात जी पुस्तकं आली, ती त्यांच्याशिवाय कुणी उघडलेली मला आठवत नाहीत.

नवे प्राचार्य आले तेव्हा त्यांना वाटलं, सर संस्थेवर रुसून भिंतीकडे तोंड करून बसतात. त्यांनी बोलावून घेतलं आणि तुमची काही तक्रार आहे का, म्हणून विचारलं. सरांनी त्यांना शास्त्र समजावून सांगायला घेतलं. मधली सुट्टी संपली तरी समजावणं संपलं नाही. तेव्हापासून प्राचार्य मैदानाच्या बाजूनं जातच नाहीत.

वर्गात मात्र सर रंगतात. एका पोराला उभं करून बुटाची नाडी बांधायला लावतात. तो फटकन बांधतो. मग तीच नाडी कशी बांधली ते हात मागे घेऊन तोंडानं सांग म्हणतात. पोरगं अडखळतं, हवेत बोटं फिरवतं, वर्ग हसतो. "हाताले मालूम आहे, तोंडाले नाई," सर खूश होऊन म्हणतात. हे त्यांचं लाडकं वाक्य. परीक्षेत पोरं कोणत्याही प्रश्नाच्या उत्तरात ते लिहून टाकतात आणि सर त्याला गुण देतात.

अडचण एवढीच की हे शास्त्र मैदानावर थांबत नाही. स्टेशनवर एका माणसानं त्यांना गोंदियाची गाडी गेली का, असं विचारलं. सर म्हणाले, "तुमाले काय वाटते?" तो बिचारा विचार करू लागला आणि तेवढ्यात पलीकडच्या फलाटावरून गाडी निघाली. मला स्कूटी त्यांनीच शिकवली. कालव्याच्या कडेनं चालवताना मी ओरडून विचारलं, सर, बरोबर चाललंय का? मागून सायकलवर येणाऱ्या सरांचा शांत आवाज आला, तुमाले कसं वाटून राहिलं? मला कसं वाटून राहिलं हे ठरवेपर्यंत मी स्कूटीसकट धानाच्या बांधीतल्या चिखलात होते. सर शेताच्या धुऱ्यावर येऊन उभे राहिले, हात दिला आणि हे कशामुळं झालं असेल, म्हणून विचारलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण नंतर मी कधी पडले नाही, हेही सांगायला हवं.

भाला फेकणारी मुलगी पौर्णिमा, अर्जुनी मोरगावकडची. विद्यापीठाच्या स्पर्धेला मुलींबरोबर बाई हवी म्हणून मीही गेले होते. बाकीच्या कॉलेजांचे मास्तर जाळीला चिकटून ओरडत होते. पौर्णिमाच्या पहिल्या दोन फेकी वाया गेल्या. ती कुणाकडेच न बघता थोडा वेळ उभी राहिली, खांदा एकदा हळू फिरवून बघितला आणि तिसरी फेक अशी गेली की जाळीजवळचे गप्प झाले. तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. मी सरांना शोधत निघाले, तर ते स्टँडच्या मागच्या टपरीवर हातात चहाचा कप घेऊन उभे होते. चहावर साय धरली होती. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. निवड झाली म्हटल्यावर त्यांनी तो गार चहा एका घोटात पिऊन टाकला, टपरीवाल्याला अजून दोन सांगितले आणि मुलीनं काही खाल्लं का, ते मला तीनदा विचारलं.

सरांची बायको, आमच्या वहिनी, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी सुजाता नागपूरला नर्स आहे. जावई रेल्वेत, महिन्यातले निम्मे दिवस गाडीवरच. गेल्या वर्षी सुजाताला काही महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी मुंबईला जायची वेळ आली आणि तिच्या पहिलीतल्या मुलीला, मितूला, कुठं ठेवायचं, असा प्रश्न पडला. भंडाऱ्याची दुसरी आजी तयार होती. पण सरांनी स्वतः फोन करून तिला माझ्याकडे पाठव म्हटलं. सुजाताला खात्री नव्हती. पंधरा दिवस बघू, नाही जमलं तर भंडाऱ्याला नेऊ, असं ठरलं.

डबा जमला. अभ्यास जमला. अडलं ते वेणीपाशी. इथल्या शाळेत दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी लागतात. मितूचे केस दाट आणि कमरेपर्यंत. सुजातानं फोनवर केस कापून टाका म्हटलं, तर मितू दोन्ही हातांनी डोकं धरून खाटेखाली जाऊन बसली. दोन दिवस मीच तिची वेणी घालून दिली. तिसऱ्या दिवशी सर कॉलेजात माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मले शिकवा."

मग आमच्या कॉलेजनं जे पाहिलं ते अजून सांगितलं जातं. सरांनी खो-खोच्या खांबाला सुतळीचे तीन पदर बांधले आणि सुट्टीत उभं राहून वेणी घालायला सुरुवात केली. एकाच प्रकारच्या दोऱ्यावर सराव केला तर हात आंधळा होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पायजम्याची नाडी आणली, मग धानाची तनस म्हणजे वाळका पेंढा, मग जुन्या साडीच्या पट्ट्या. भाल्याच्या पोरी खोकल्याचं निमित्त करून हसत होत्या. सर मला सारखे विचारायचे, मॅडम, बरोबर आहे का, पदर कुठं चुकला. मी अगदी त्यांच्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसायचं ठरवलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मला ते जमलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

सुतळीवर वेणी सुंदर यायची. मितूच्या डोक्यावर मात्र शाळेत पोचायच्या आत सुटायची. बाईंनी दोनदा हटकलं. पंधरा दिवस संपत आले होते. एका सकाळी मी मुद्दाम बघायला गेले. पदर बरोबर होते, बोटं बरोबर होती, फक्त सर केस ओढतच नव्हते. काचेच्या बांगड्या उचलाव्यात तसे धरत होते.

मी म्हटलं, "सर, ताणल्याशिवाय नाही बसायची."

"दुखन ना तिले."

"सुजाताच्या वेण्या कोण घालायचं?"

"तिची आई. मी पाचलेच मैदानावर जात होतो." ते पुढे म्हणाले, "सुजाताच्या केसाले मी कधी हातच नाई लावला, मॅडम. ते कशी मोठी झाली, मले मालूमच नाई."

मितू समोर आरसा धरून बसली होती. ती म्हणाली, "आबाजी, जोरानं ओढा. मी रडत नाई."

सरांनी ओढलं. ती रडली नाही. त्या दिवशी संध्याकाळी ती शाळेतून आली तेव्हा दोन्ही वेण्या जागच्या जागी होत्या. भंडाऱ्याला कुणी गेलं नाही.

ट्रेनिंग संपवून सुजाता मितूला न्यायला आली, तो रविवार होता. मी प्रवासासाठी मुरमुऱ्याचे लाडू घेऊन गेले. सर ओसरीच्या पायरीवर बसले होते, मितू खालच्या पायरीवर. सुजाता नुकतीच न्हाऊन केस मोकळे सोडून दारात उभी होती. वडिलांची बोटं भराभर चालताना ती बघत होती. रिबिनीचं फूल झालं, मितू उड्या मारत माझ्याकडे लाडू मागायला आली. तशी सुजाता पायऱ्या उतरली आणि मितूच्या जागी जाऊन बसली. कंगवा तिनं खांद्यावरून मागे दिला.

"बाबा, माझीपण घालून द्या."

"तुले तर येते ना."

"येते. तरी घाला."

सरांनी कंगवा घेतला. तिच्या केसांत दोन-चार पांढरे दिसत होते. ते त्यांनी बोटांनी बाजूला करून बघितले आणि हळूहळू गुंता सोडवू लागले. तेवढ्यात रिक्षावाल्यानं बाहेरून हॉर्न दिला, गाडीची वेळ होत आली म्हणाला. सरांनी मान वर न करता त्याला हातानं थांबायची खूण केली आणि केसांचे तीन पदर केले.