गजाबाच्या टेकाडाचं गवत

एका जंगलात एक रेडा राहत व्हता. कुठल्या जंगलात ते इचारू नका, मला नकाशा कळत न्हाई. चौथीत मास्तरांनी नकाशा काढायला लावला, तवाच मी शाळा सोडली. जंगल व्हतं, झाडं व्हती, रेडा व्हता. एवढ्यावर भागवा.

रेड्याचं नाव गजाबा. अंगानं थोराड, रंगानं काळा, आन् डोक्यानं माझ्यासारखा. म्हंजे आत फारसं काय न्हाई, पन तापायचं लगीच. कुनी नुसतं "गजाबा, बरं हाय का" म्हनलं तरी ह्यो शिंगं खाली घालायचा.

"बरं न्हाई असं कोन म्हनलं? नाव सांग त्याचं."

हसू नका. गोष्ट रेड्याची हाय.

त्याची बायको सगुना. म्हैस गरीब, बोलायची कमी. बोलून उपेग काय, ह्याचं उत्तर आदीच ठरलेलं असायचं. दोघांला एकच पोरगा, हैबती. त्यो आईवर गेला व्हता, म्हनून बरा व्हता.

आता ह्या जंगलाचा राजा सिंव्ह. पूर्वी त्याचा कारभार लई सोपा व्हता. चाकर म्हातारा झाला की राजाच त्याला खायचा. हिशेब तितंच मिटायचा. मंग राजा सुधारला. त्यानं कचेरी काढली, भरती केली आन् पेन्शन चालू केली. चाकर म्हातारा झाला तर त्याला म्हैन्याच्या म्हैन्याला हिरव्या चाऱ्याचा भारा. मेला तर त्याच्या मागं राहिलेल्याला भारा. चाकराला खायचं न्हाई, त्याला नियम सांगायचा, असं ठरलं. काही म्हातारे म्हनायचे, पयलंच बरं व्हतं.

हैबती पानवठ्यावर राखनदार म्हनून लागला. पयला शिधा मिळाला तसा पाठीवर घालून घरी आला. हिरवागार भारा. आईम्होरं ठेवला. सगुनानं नुसता वास घेतला तवर गजाबा उठला आन् पायानं ढकलून त्यो भारा वढ्यात घातला.

"मी अजून जिता हाय," म्हनला. "गजाबा कुनाच्या बापाचं खात न्हाई. पोराचं तर न्हाईच न्हाई. माझं टेकाड हाय."

टेकाड म्हंजे घरामागचा उंचवटा. बापाकडनं आलेला. तरनेपनी गजाबा त्याच्यावर चरायचा. पन गुडघे गेल्यापास्नं त्यो वर चढत न्हवता. सगुनाच रोज वर जायची, गवत घिऊन यायची. ह्यो खाली बसून खायचा आन् येनाऱ्याजानाऱ्याला दावायचा.

"बघा, माझ्या टेकाडाचं गवत. सरकारी चाऱ्याला अशी चव हाय का?"

मोर म्हनायचा, "न्हाई बा." ससा म्हनायचा, "न्हाई बा." शिंगं म्होरं असली की समदेच न्हाई बा म्हनत्यात. माझ्या घरीबी तसंच हाय. मला वाटायचं माझं पटतंय.

एका उनाळ्यात वनवा लागला. हैबतीनं हरनांची पाडसं पान्याकडं हाकलली. समदी वाचली. त्यो परत जाळात गेला, मागं एखादं राहिलं असंल म्हनून. मागं कुनी राहिलं न्हवतं.

गजाबा रडला न्हाई. भांडला. वाऱ्याशी भांडला, जाळाशी भांडला, त्या पाडसांशीबी भांडला. भांडायला कुनी उरलं न्हाई तवा कचेरीतनं बोलावनं आलं.

कचेरीत कारकून बगळा. एका पायावर हुबा, अंगावर एक डाग न्हाई.

"मयताची पत्नी?" बगळ्यानं इचारलं.

"लगीन झालं न्हवतं," सगुना म्हनली.

"मुलंबाळं?"

"लगीनच झालं न्हवतं म्हनतीया की ती," गजाबा म्हनला. मानेवरचं केस हुबं राहिलं.

"नियमानं विचारावं लागतं," बगळा म्हनला. "आधी पत्नी. ती नसेल तर मुलं. तीही नसतील तर आईवडील. त्यातही आधी आईचं नाव, तिच्या पश्चात वडिलांचं. पण ते मयतावर अवलंबून असले तरच. दोघांपैकी एक जण जरी दोघांचं पोट भरत असेल, तर दोघांनाही काही नाही. आता सांगा, तुम्ही मुलावर अवलंबून होता का?"

सगुनानं तोंड उघडलं. "आवं, वाईच मी बोलते..."

"तू गप. मला इचारलंय त्यांनी." गजाबा म्होरं सरकला. "भाऊसाहेब, कोन अवलंबून? मी? त्या काल जन्मलेल्या रेडकाच्या जिवावर? त्याला हुबा राहायला मी शिकीवला. पान्यात बसायला मी शिकीवला. माझ्या घरात माझ्या टेकाडाचं गवत चालतं. बायकोलाबी तेच घालतो."

"म्हणजे नाही?"

"न्हाई."

"असंच लिहू?"

"ठळक लिव्हा."

बगळ्यानं चोचीनं ओढून लिव्हलं आन् वाचून दावलं. "पालक स्वावलंबी."

गजाबाची छाती फुगली. ह्यो शब्द त्यानं पयल्यांदाच ऐकला व्हता, पन कानाला बरा लागला. त्याला वाटलं, सरकारनं पदवी दिली. मला त्याचं नवल वाटत न्हाई. एकदा मला टपालानं 'अपात्र' असं छापलेला कागद आला. मी त्यो भिताडाला लावनार व्हतो. बायकोनं खिळा लपीवला.

वडाखाली दुपारची जनावरं टेकायची. गजाबा थेट तितं गेला. "सरकारनं मला स्वावलंबी केलाय," म्हनला. "कुनाला शंका?"

"न्हाई बा," ससा म्हनला.

पन हळूहळू घरात गवत कमी यायला लागलं. मंग नुसती पळसाची पानं. मंग तीबी वाळकी. सगुनाच्या बरगड्या दिसाय लागल्या. ह्यानं इचारलं की म्हनायची, "माझं झालंय मघाशीच."

"टेकाडावर कुनीतरी चोरी करतंय," गजाबा म्हनला. "बघतोच त्याला."

गुडघे कुरकुरत व्हते. तरी बसत, उठत, शिव्या देत त्यो टेकाडावर चढला. वर नुसता काळा खडक. दगडं. एका दगडावर सरडा उन्हाला बसलेला.

"माझं गवत कुनी नेलं रं?"

"कंचं गवत?" सरडा म्हनला.

"ह्या टेकाडाचं."

"बाबा, मी हितंच जन्मलो. माझा बापबी हितंच जन्मला. आमी हितं गवत बघितलं न्हाई. अंगाला हिरवा रंग चढवायचा तर मला खाली झुडपात जावं लागतं."

"मंग माझी बायको रोज हितं येती ती कशाला?"

"बसती. त्या पलीकडच्या दगडावर. पानवठ्याकडनं एक रेडा भारा घिऊन यायचा, ती घ्यायची. आता त्यो यायचा बंद झालाय." सरड्यानं मान हलीवली. "ती अजून येती."

सरड्याला शिव्या द्यायच्या म्हनून गजाबानं तोंड उघडलं आन् तसंच मिटलं. मंग खाली उतरला. उतरताना गुडघे जास्त दुखत्यात, हे मी अनुभवानं सांगतो.

"सगुना," म्हनला. "मी काय खात व्हतो?"

सगुनानं वर बघितलं न्हाई. "हैबतीचं."

"कवापास्नं?"

"त्याआदी मी रानातनं येचून आनायची. तुमी भारा वढ्यात घातला, त्याच्या दुसऱ्या दिसापास्नं हैबतीचं. त्यो म्हनला, आये, आबाला टेकाडाचं म्हनून घाल. निस्ता खाऊ दे."

"जंगलाला ठावं व्हतं?"

"समद्यास्नी."

"आन् मला कुनी सांगितलं न्हाई?"

"कोन सांगंल?" सगुना म्हनली. "सांगायला तोंड उघडलं की तुमची शिंगं आडवी येत्यात. कचेरीत मी सांगनारच व्हते की."

त्या दिशी गजाबानं पळसाचं पानसुद्धा तोंडाला लावलं न्हाई. सकाळी सगुनाला म्हनला, "चल." ती कुठं म्हनून इचारायच्या आत त्यो कचेरीच्या वाटंला लागला व्हता.

"भाऊसाहेब," त्यो बगळ्याला म्हनला, "ते खोडा. मी अवलंबून व्हतो."

"मला ठाऊक आहे," बगळा म्हनला. "भारा माझ्यासमोरूनच जायचा."

"मंग तवा का न्हाई बोलला?"

"मला ठाऊक असून चालत नाही. तुम्ही सांगाल तेच खरं, असा नियम आहे. आणि तुम्ही ठळक लिहायला लावलंत."

गजाबानं शिंगं खाली घातली. सगुनानं त्याच्या शेपटीला धरलं. त्यानं शिंगं वर घेतली. म्हातारपनी ही पयलीच येळ.

"मंग आता?"

"तुम्ही वडाखाली चारचौघांना सांगितलंत की मी स्वावलंबी आहे. आता तिथंच, त्यांच्यासमोर, मुलाच्या जिवावर जगत होतो असं सांगा. मी ऐकतो, आणि लिहितो."

"हितं कानात सांगितलं तर?"

"कानात चालत नाही."

दुपारी वडाखाली समदी जमली. मोर, ससा, हरनं. ती पाडसंबी आली व्हती, आता जरा मोठी झालेली. बगळा एका बाजूला एका पायावर.

गजाबा मधी हुबा राहिला. ह्या गळ्यातनं आजवर निस्तं वरडनं बाहेर आलं व्हतं, दुसरं काय बाहेर काढायची सवयच न्हवती. त्यानं पाय आपटला. खाकरला. झाडाकडं बघितलं. मंग त्याची नजर सगुनाच्या बरगड्यांवर गेली.

"व्हय," म्हनला. "खाल्लं. पोराचं खाल्लं. रोज खाल्लं, चवीनं खाल्लं, आन् तुमास्नी दावून दावून खाल्लं. कुनाच्या बापाचं न्हाई खाल्लं. माझ्या हैबतीचं खाल्लं. कुनाला काय म्हनायचंय?"

ससासुद्धा न्हाई बा म्हनला न्हाई. एक पाडस उठलं आन् सगुनाजवळ जाऊन बसलं.

बगळ्यानं मान वाकडी केली. "म्हणजे अवलंबून?"

"अवलंबून," गजाबा म्हनला. "ठळक लिव्हा."

पयला भारा सगुनाच्या नावानं आला. हिरवागार, पानवठ्याकडचा. गजाबानं वास घेतला. त्याला त्यो वास वळखीचा लागला. आजवर ह्याच वासाला त्यो टेकाडाचा म्हनत व्हता.

"खावा," सगुना म्हनली.

"आदी तू खा."

सगुनानं त्याच्याकडं बघितलं. आजारी हाय का म्हनून बघत्यात तसं. मंग खाऊ लागली. जरा येळानं गजाबा म्हनला, "आता हे मी कुनाचं म्हनून खाऊ? सरकारचं का हैबतीचं?"

"गप खावा. वाळतंय ते."

त्यो गप बसून खायला लागला.

तुमास्नी वाटंल, आता रेडा शाना झाला. दुसऱ्या दिशी त्यो वडाखाली गेला आन् शिंगं खाली घालून हुबा राहिला.

"माझ्याएवढा अवलंबून रेडा ह्या जंगलात दुसरा कुनी असंल तर दावा," म्हनला.

"न्हाई बा," ससा म्हनला.

तात्पर्य: पोरांनो, पुस्तकात लिव्हलेलं असतंय की स्वावलंबी व्हा. व्हा की. पन कचेरीत सांगू नका. सरकार दोन पायांवर हुबं राहिलेल्याला खुर्ची देत न्हाई, पडलेल्यालाच देतं, आन् पडलो म्हनून त्यानं मोठ्यानं वरडावं लागतं. दुसरं, आपन कुनाच्या जिवावर जगतोय ते कचेरीची पायरी चढायच्या आदी बायकोला इचारून घ्या. मी ही गोष्ट सांगायच्या आदी इचारलं. म्हनून तर रेड्याची सांगितली.