पुढे वाचा

अप्पांना ब्लॉग काढून देणं हे पाच मिनिटांचं काम आहे, असं सुनेने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं तेव्हा तिच्या आवाजात जो आत्मविश्वास होता, तो पुढे कितीतरी दिवस तिला परत मिळाला नाही.

तसं तिचं चुकलं नव्हतं. ब्लॉग खरोखरच पाच मिनिटांत निघाला. ती सार्वजनिक वाचनालयात कॉम्प्युटर विभाग सांभाळायची आणि दिवसभर लोकांना त्यांचेच पासवर्ड आठवून द्यायची, त्यामुळे असल्या कामात तिचा हात कोणी धरला नसता. अप्पा म्हणजे तिचे सासरे. जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर घरातल्या बिघडलेल्या वस्तू महिन्याभरात संपल्या, तेव्हा त्यांनी धडधाकट वस्तू दुरुस्त करायला घेतल्या. मिक्सरवर त्यांनी इतके उपचार केले की तो लावला की बाहेरच्या खोलीतला पंखा थांबायचा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्यांच्या हाताला काहीतरी काम दे बाई. नाहीतर एक दिवस हे मलाच उघडून बघतील."

अप्पांकडे गोष्टी मात्र पोत्याने होत्या. सगळ्या अडकलेल्या माणसांच्या. लग्न झाल्यापासून सून त्या ऐकत आली होती आणि दर वेळी तिचा भात ताटात गार व्हायचा. म्हणून ब्लॉग. त्याचं नाव अप्पांनीच ठेवलं, 'मजल्यांच्या मधे', आणि दोन बोटांनी खटखट करत पहिली गोष्ट लिहिली. तिची सुरुवात अशी होती: "दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचा पेशंट एक्सरेसाठी वर निघाले आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे अडकले. पेशंटचा एक गाल बधिर होता. इंजेक्शनचा असर उतरत चालला होता. आणि पेशंट पोलीस होता."

आता हे वाचून कोण थांबेल, असं सुनेला वाटलं. पण थांबायला आधी कोणी यायला हवं होतं. ब्लॉगच्या कोपऱ्यात वाचकांचा आकडा दिसायचा. पहिल्या दिवशी तीन. मुलगा, सून आणि स्वतः लेखक. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी दोन, कारण मुलगा कामात होता.

अप्पा रोज सकाळी चष्मा पुसायचे, आकडा बघायचे आणि चष्मा पुन्हा घडी करून ठेवायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नवीन गोष्ट लिहिलीच नाही. सून कामाला निघाली तेव्हा ते हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन फ्रिजकडे बघत उभे होते.

तिला ह्या माणसाबद्दल माया होती. लग्न होऊन ती ह्या घरात आली, तेव्हा रात्री पाणी प्यायला उठायचं म्हटलं तरी दार करकरायचं आणि सगळं घर जागं होईल म्हणून ती तशीच तहानलेली पडून राहायची. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी ती घरी आली तर घरातल्या एकूण एक दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलेलं होतं. अप्पा पेपर वाचत होते, आणि त्या विषयावर ते नंतरही कधी बोलले नाहीत. अशा माणसाला रोज सकाळी 'दोन' हा आकडा बघायला लागावा, हे तिला सहन होईना.

मग तिने जे केलं ते वाचनालयाच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. वाचनालयाच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर, इंटरनेट लावलं की आधी वाचनालयाचं पान उघडायचं. तिने त्या जागी अप्पांचा ब्लॉग बसवला. सगळ्या मशीनवर. "फक्त दोन दिवस," असं तिने स्वतःला बजावलं.

दुसऱ्या दिवशी आकडा शंभराच्या वर गेला.

अप्पांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग सासूबाईंचा चष्मा लावून बघितला. त्या सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फ्रिजकडे ढुंकूनही न बघता लिहायला बसले. दोन दिवसांनी ते पान काढायचं म्हणजे त्यांच्या अंगातून तो शर्ट काढण्यासारखं होतं. सुनेची हिंमत झाली नाही. दोन दिवसांचे दोन महिने झाले आणि आकडा दोनशेच्या वर जाऊन बसला.

अप्पा तर हवेतच होते. भाजी आणायला गेले की भाजीवाल्याला सांगत, "माझे वाचक वाट बघत असतील, जरा लवकर." नवऱ्याने एकदा भीत भीत विचारलं, "पण अप्पा, एवढे लोक वाचतात, तर खाली प्रतिक्रिया कशी कोणाची नाही?"

"लिफ्टमध्ये कधी कोणी बोलतं का?" अप्पा म्हणाले. "सगळे गप्प उभे राहून वरचे आकडे बघतात. म्हणजे काय, ते लिफ्टमध्ये नसतात?"

नवऱ्याला ते पटलं. सून उठून पाणी आणायला गेली.

आणि मग एका सकाळी तिने वाचनालयातली मशीन सुरू केली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ओळीने सगळ्या पडद्यांवर एकच मजकूर होता: "वाचकहो, इतके दिवस मी इथे आणि तुम्ही तिथे. एकदा सगळे एका मजल्यावर येऊ. येत्या शनिवारी दुपारी चार वाजता, वाचनालयाचं वरचं सभागृह. चहा आहे."

ती धावतच ग्रंथपालांच्या खोलीत गेली. "सर, शनिवारी वर सभागृह कोणी घेतलंय?"

"तुमच्या सासऱ्यांनी," ग्रंथपाल म्हणाले. "फार गोड माणूस. जाता जाता माझी खुर्ची दुरुस्त करून गेले. खुर्च्या साठ सांगितल्यात. मी म्हटलं, साठ पुरतील ना?"

"पुरतील," सून म्हणाली, आणि भिंतीला टेकली.

पुढचे दिवस तिने माणसं गोळा करण्यात घालवले. नवऱ्याला सांगितलं, ऑफिसमधले दहा जण तरी आण. तो म्हणाला, "त्यांनी ब्लॉग वाचलेला नाही गं." ती म्हणाली, "मग वाचायला लाव. परीक्षा घे. काहीही कर." सासूबाईंना सांगावं की नाही ह्याचा तिने फार विचार केला आणि शेवटी स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या आडोशाने, सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं होतं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"ह्यांना कळलं तर पुन्हा लिहिणार नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "रागावणार नाहीत ते. नुसते गप्प बसतील. ते जास्त वाईट असतं."

हे सुनेलाही माहीत होतं. म्हणून तर तिची झोप उडाली होती.

शनिवार उजाडला. साठ खुर्च्या, मोठी चहाची किटली, बिस्किटांची ताटं, आणि पुढच्या टेबलामागे कडक इस्त्रीत अप्पा. खिशात चार पेनं, कारण कोणी सही मागितली आणि शाई संपली तर काय घ्या. पावणेचारला नवरा आला, एकटाच. "सगळ्यांना नेमकं आजच काम निघालं," तो पुटपुटला. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि जास्त जागा भरावी म्हणून त्यांनी शेजारच्या खुर्चीवर पर्स आणि पलीकडच्या खुर्चीवर शाल ठेवली. चार वाजले. अप्पांनी घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि सुनेकडे बघून धीर दिल्यासारखे हसले. त्या हसण्याने तिला रडू यायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात दारात एक आजोबा आले. हातात विजेचं बिल. सून त्यांना चांगली ओळखत होती, ते दर महिन्याला बिल भरायला यायचे आणि दर महिन्याला पासवर्ड विसरायचे. "लिफ्टवाले इथेच ना?" त्यांनी विचारलं. त्यांच्यामागून नोकरीचे अर्ज भरणारी एक मुलगी आली. मग रोज दुपारी कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळून हरणारे एक गृहस्थ. मग आणखी काही. साठ नव्हते, पण पंधरा-वीस तरी होते, आणि सगळ्यांना पुढेच बसायचं होतं म्हणून सासूबाईंना शाल उचलावी लागली.

सुनेचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच अप्पांनी हात जोडून विचारलं, "आधी मला सांगा, माझ्या ब्लॉगवर तुम्ही पहिल्यांदा कसे आलात?"

"आलो कुठे? तो आपोआपच येतो," बिलवाले आजोबा सरळपणे म्हणाले. "खाली कुठलंही मशीन लावा, आधी तुमचंच पान. माझं बिलाचं पान यायला एवढा वेळ लागतो, तोवर समोर असतं ते वाचतो."

"हो ना," बुद्धिबळवाले म्हणाले. "मला वाटलं सरकारी आहे."

सभागृहात सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पांनी मान वळवली आणि सुनेकडे बघितलं. जन्मभर मशीनमधला बिघाड शोधणारा माणूस तो. त्यांना शोधायला क्षणसुद्धा लागला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी खिशातली चार पेनं काढली आणि टेबलावर ठेवली, आणि सुनेला वाटलं की इथून पळून जावं, पण दारातून आत येणाऱ्यांनी वाट अडवली होती.

"म्हणजे तुम्ही कोणी वाचायला आलेला नाहीत," अप्पा हळूच म्हणाले. "ठीक आहे. चहा घ्या. चहा चांगला आहे."

"अहो, चहा राहू द्या," नोकरीवाली मुलगी उठून उभी राहिली. "त्या डॉक्टरीणबाईंचं काय झालं? त्या सुटल्या की नाही?"

अप्पांना कळेना. "सुटल्या की. लिहिलंय ना सगळं."

"कुठे लिहिलंय? चारच ओळी दिसतात. खाली 'पुढे वाचा' आहे, ते दाबलं की मशीनच अडकतं. मग माझी अर्ध्या तासाची वेळ संपते. दोन महिने झाले, तो पोलीस माझ्या डोक्यात गाल धरून उभा आहे."

"आणि ते कपाट वर नेणारे?" मागून कोणीतरी विचारलं. "एक जण कपाटाच्या आत होता ना?"

"माझं आधी," बिलवाले आजोबा म्हणाले. "ते वकिलाकडे घटस्फोटाला निघालेले नवरा-बायको. लाइट गेले आणि अंधारात बाई काहीतरी बोलल्या, एवढंच आहे. काय बोलल्या? अहो, मी मागच्या महिन्यात बिल दोनदा भरलं, नुसतं ते पान परत बघायला. इथे आलोय ते तेवढ्यासाठीच."

सभागृह एकदम बोलायला लागलं. प्रत्येकाच्या डोक्यात कोणी ना कोणी अडकलेलं होतं. अप्पा उभेच होते. मग त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलं, जसं ते बंद दाराबाहेरून आतल्या घाबरलेल्या माणसांना थांबवत असणार.

"घाबरू नका," ते म्हणाले. "एकेकाला काढतो."

आणि काढलं. पोलीस मुंगी चावली तरी ओरडणारा होता, पण डॉक्टरीणबाईंनी त्याला पाढे म्हणायला लावले आणि सतराच्या पाढ्यात दार उघडलं. कपाटातला माणूस झोपला होता. आणि नवरा-बायकोच्या वेळी अप्पा वर लिफ्टच्या मशीनच्या खोलीत जाऊन ब्रेक सोडून हाताने चाक फिरवत होते, लिफ्ट बोटाबोटाने खाली येत होती, आणि त्यांनी धावत खाली येऊन दार उघडलं तेव्हा बाई एवढंच म्हणत होत्या, "गॅस बंद केला होतास ना?" आणि नवरा म्हणत होता, "तूच केला होतास. मी बघितलं."

"मग घटस्फोट झाला?" आजोबांनी विचारलं.

"ते मला कसं कळणार?" अप्पा म्हणाले. "माझं काम दार उघडेपर्यंतच. पण वर गेले ते जिन्याने, आणि बाईंचा गुडघा दुखत होता म्हणून त्याने हात धरला होता. एवढं मी पाहिलं."

आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि बिलाच्या मागच्या बाजूला ब्लॉगचा पत्ता लिहून घेतला. आणखी काही जणांनीही घेतला. चहा पार गार झाला होता, तो तसाच सगळ्यांनी प्यायला.

घरी परतताना अप्पा आणि सून मागे राहिले. मग तिच्याने राहवेना.

"अप्पा, चुकलंच माझं."

"चुकलंच," अप्पा म्हणाले. "सोमवारी ते पान काढून टाक. लोकांना बिलं भरायची असतात." थोडं चालून गेल्यावर त्यांनी विचारलं, "एवढा उपद्व्याप कशासाठी केलास?"

"तुम्ही लिहायचं थांबला होतात."

अप्पांनी तिच्या हातातली रिकामी किटली घेतली आणि ती स्वतःच्या हातात धरून चालायला लागले. पुन्हा लिहाल का, हे विचारायचं तिच्या ओठांवर होतं, पण उत्तराच्या भीतीने तिने विचारलं नाही.

सोमवारी तिने सगळ्या मशीनवरून ते पान काढलं. दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी ती घरी आली, तर अप्पा कॉम्प्युटरसमोर बसलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट. ती चप्पल न काढताच त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. कोपऱ्यात आकडा होता: सहा.

"सहा," अप्पा म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

"सहा म्हणजे बरोबर एक लिफ्ट. सातवा चढला की ती बोंबलते आणि जागची हलत नाही. सहा उत्तम." आणि त्यांनी दोन बोटांनी नव्या गोष्टीची पहिली ओळ खटखटवायला घेतली.

"त्या सहांमध्ये सकाळपासून तुम्ही स्वतः किती वेळा चढलात, तेही सांगा तिला," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

अप्पांची बोटं थांबली.

"मेकॅनिकला मोजत नसतात," ते म्हणाले. "तो लिफ्टच्या टपावर असतो."