पडद्यापलीकडची उत्तरं

प्रॉम्प्टरच्या बायकोला गुरुवार काही केल्या लक्षात राहत नव्हता. बाकीचे वार ती धडाधड म्हणायची, पण बुधवारपाशी आली की थांबायची आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची.

"गुरुवार," प्रॉम्प्टर म्हणायचा.

"तेच म्हणत होते मी," ती म्हणायची.

या गृहस्थाचा उभा जन्म नाटकाच्या विंगेत अडलेल्या नटांना पुढचं वाक्य पुरवण्यात गेला होता. त्याचा शब्द नटाला नेमका ऐकू जायचा आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला अजिबात नाही. टाळ्या अर्थातच नटाला. आता नवराबायको एका वृद्धनिवासात तळमजल्यावर, बागेकडच्या खोलीत राहत होते आणि बायको रोजचेच संवाद विसरायला लागली होती. तो पुरवत होता, ती म्हणत होती, संसार चालला होता.

पण निवासाच्या व्यवस्थापकाला शास्त्रीय होण्याची हुक्की आली. सगळ्यांची बुद्धिचाचणी घ्यायची आणि जे फारच खाली येतील त्यांना वरच्या मजल्यावर हलवायचं, असं त्याने ठरवलं. वरच्या मजल्याच्या दाराला कडी बाहेरून होती.

"पास व्हायला किती गुण लागतात, साहेब?" प्रॉम्प्टरने विचारलं.

"तसे गुण नसतात हो, आजोबा. तुमच्या वयाची माणसं रांगेत उभी केली, तर तुमचा नंबर कुठे लागतो ते बघतात."

"आणि रांगेतली बाकीची माणसं कुठली?"

"ती आधीच मोजून ठेवलेली असतात."

प्रॉम्प्टरला त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्यांचा मनापासून राग आला. कुठेतरी बसून भराभरा उत्तरं देऊन ठेवली होती मेल्यांनी, आणि भोगायचं होतं त्याच्या बायकोने.

ज्यांची चाचणी आधी उरकली होती त्या शेजाऱ्यांकडून त्याने प्रश्न काढून घेतले आणि तालीम सुरू केली. शंभरातून सात सात वजा करत जायचं. आकडे उलटे म्हणायचे. सायकल आणि होडी यांत सारखं काय ते सांगायचं. स्वतःची तालीम करायचं त्याच्या मनातही आलं नाही. प्रॉम्प्टरला कसली आलीय तालीम?

चाचणीच्या दिवशी दिवाणखान्यात दोन टेबलं मांडली होती आणि मध्ये एक पडदा. इकडे प्रॉम्प्टर आणि एक तरुण परीक्षक बाई, पलीकडे त्याची बायको आणि दुसरे परीक्षक. पडदा बघताच त्याने आपली खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"सायकल आणि होडी. दोघांत सारखं काय?" बाईंनी घड्याळ सुरू करून विचारलं.

तो तोंड उघडणार, एवढ्यात पलीकडून आवाज आला, "शंभरातून सात गेले, किती?" आणि मग काहीच नाही. बायको अडली होती. नट अडला की प्रॉम्प्टरने गप्प बसायचं, हे या माणसाच्या रक्तातच नव्हतं.

"त्र्याण्णव," तो हळूच म्हणाला.

"त्र्याण्णव," पलीकडून बायको म्हणाली.

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "आजोबा, मी सायकलबद्दल विचारतेय."

"हो, हो. सायकल म्हणजे..." पलीकडे पुन्हा शांतता. "शहाऐंशी."

"बरं, राहू दे. चार, नऊ, दोन. हे आकडे उलटे सांगा."

"गुरुवार."

बाईंच्या चेहऱ्यावर आता दया दिसायला लागली. "तुम्हाला पाणी देऊ का?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही वाहनं आहेत," प्रॉम्प्टर म्हणाला. हेही उत्तर पलीकडचंच होतं.

निकाल लागला. बायको वयाच्या मानाने तल्लख ठरली. जरा सावकाश बोलतात, पण एकही उत्तर चुकलं नाही, असा शेरा मिळाला. प्रॉम्प्टरची रवानगी वर.

"बाई, ही चाचणी नक्की काय मोजते हो?" त्याने सामान बांधता बांधता विचारलं.

"खरं सांगू? त्या वेळी, त्या टेबलावर माणसाला काय जमलं, तेवढंच. त्यावरून बाकीचा अंदाज करतो आम्ही."

खरं सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. पण सांगितलं असतं तर तो खाली राहिला असता आणि ती वर गेली असती. वाचवलेल्या बायकोला आपणच कडीआड ढकलू, हे त्याला कळत होतं. तो गुपचूप जिना चढला. वर गेलेल्याची फेरचाचणी वर्षभर होत नसे.

खाली बायको दोन ताटं मांडून बसायची. "हे आले की जेवते," म्हणायची. हे येत नसत, ती जेवत नसे. स्वयंपाकघरातून तक्रार गेली आणि हिची चाचणी पुन्हा घ्या, असं व्यवस्थापकाने सांगितलं. नवरा असल्याशिवाय मी बसणार नाही, असं ती हटून बसल्यामुळे प्रॉम्प्टरला खाली आणलं.

"एक शब्द जरी बोललात तरी चाचणी रद्द," बाईंनी त्याला बजावलं. "मग त्या आहेत तिथेच राहतील."

प्रश्न या खेपेला नवे होते.

"आजी, महिना कोणता चाललाय?"

तिने प्रॉम्प्टरकडे पाहिलं. घाबरली नव्हती ती. आता शब्द येईल, याची तिला खात्री होती. त्याचे ओठ हलले. बागेकडची खोली तिला किती आवडते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? एका शब्दाने ती खोली तिला राहिली असती, पण ती वर आपल्याजवळ यावी असं त्याला वाटत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली. त्याने दातांखाली जीभ धरली आणि मान खाली घातली.

"ह्यांना विचारा," ती शेवटी म्हणाली. "ह्यांना सगळं येतं."

पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तिने हेच उत्तर दिलं.

त्या संध्याकाळी दोघं वरच्या मजल्यावर जेवायला बसली. तिने स्वतःच्या हाताने त्याला वाढलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवायला घेतलं. तेवढ्यात दाराची कडी लागल्याचा आवाज झाला.

"कोण आलं हो?" तिने विचारलं.

"कोणी नाही," प्रॉम्प्टर म्हणाला. "जेव तू."