माजी घन

द्रव्याच्या अवस्था तीन असतात: घन, द्रव आणि वायू. हे प्रत्येक सुशिक्षित माणसाला ठाऊक असते, म्हणूनच कुणाला ते तपासून पाहावे लागत नाही.

कळंब तालुक्यातले विज्ञान प्रदर्शन याच भक्कम पायावर उभे होते. तीन अवस्था, तीन खोल्या. प्रत्येक खोलीतला पहिला नंबर यवतमाळला जाणार. (चौथ्या खोलीत पोषण आहाराचा तांदूळ होता.) समितीचे अध्यक्ष रामराव, गेल्याच महिन्यात निवृत्त झालेले विस्तार अधिकारी. नियमांवर त्यांचे इतके प्रेम, की वरणात मीठ कमी पडले तरी ते घरी लेखी कळवत.

यवतमाळला जायचेच, असे ठरवून शाळकरी बबिता तांड्यावरून पहिल्या एसटीने आली होती. तिच्या हातात अतिवाहकतेचा तक्ता.

"कोणत्या खोलीत लावू, साहेब?"

"धातू हाये ना? मंग घनात."

"घनच राह्यते साहेब, पण लय थंड केलं का आतून पुरं बदलते. एकदा करंट फिरवला का फिरतच राह्यते. चुंबकाचा जोरही आत घुसू देत नाही. हे वेगळीच अवस्था हाये."

रामरावांनी चष्मा पुसून तक्त्यावरचे थंड करण्याआधीचे आणि नंतरचे चित्र पाहिले. "बाहेरून तं काईच फरक दिसून नाही राह्यला. कायची वेगळी?"

"मंग बॅनरवर तुमच्या नावाम्होरं 'माजी' काहून लिवलं, साहेब? तुमी तं तेच दिसता."

रामरावांनी बॅनरकडे पाहिले. महिन्यापूर्वी ते कचेरीत शिरले की चहा सांगावा लागत नसे. काल तासभर बसूनही पाणी आले नव्हते. सफारी तीच, आवाज तोच. पोरीचे त्यांना पटले, आणि पटले याचाच राग आला.

समिती तातडीने बसली. हजर सदस्य पाच, विषय कळलेले शून्य, चहा आठ. निर्णय झाला: अतिवाहकता ही स्वतंत्र अवस्था असून तिला यापुढे 'माजी घन' म्हणावे. स्वतंत्र असल्याने तिला घनाच्या खोलीत जागा देता येत नाही. तिची स्वतःची खोली तांदळाकडे असल्याने स्पर्धेतही घेता येत नाही.

"म्हंजे मी बरोबर होती?" बबिताने विचारले.

"बरोबर हायेस, म्हणून तं बाहेर हायेस," रामराव हळहळून म्हणाले.

तिने तक्ता गुंडाळला आणि परतीच्या एसटीची वाट पाहत व्हरांड्यात बसली.

तुम्हाला वाईट वाटले असेल. पण या गोष्टीचे पहिले वाक्य वाचताना तुमचीही मान हललीच होती. तीनच खोल्या उघडण्याच्या ठरावात तशी नोंद आहे: सूचक रामराव, अनुमोदक तुम्ही.