शेऱ्यांसकट मेल

ऑफिसात त्यांना सगळे शिस्तकाका म्हणत, तेही तोंडावर. संगणकाला कामं नेमून देणारी स्क्रिप्ट कुणाचीही असो, ती चालते का यापेक्षा नीट दिसते का, हे काका आधी बघत. प्रत्येक आतली ओळ दोन स्पेस सोडून, एका कळीसरशी लांब मोकळी जागा सोडणारा टॅब वर्ज्य, आणि प्रत्येक कामावर साध्या मराठीत खरा शेरा. "यंत्राला काहीही कळतं," ते म्हणत, "माणसाला कळलं पाहिजे."

त्या सकाळी सगळ्यांच्या सामायिक फोल्डरात त्यांना टॅबांचं रान माजलेलं दिसलं. एकेकाच्या मागे कुठे लागा, म्हणून त्यांनी एका झटक्यात सगळे टॅब उपटले आणि तिथे स्पेस पेरल्या.

"काका, चालवून बघितलंत?" शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं.

"अगं, मोकळ्या जागेने कुणाचं काय बिघडतंय?"

बिघडलं. कंपनी घरोघर कपाटं पोचवायची आणि एक स्क्रिप्ट ग्राहकांना रोज 'आज कपाट येतंय' असा मेल धाडायची. मेलचा मजकूर इथे संपला, असं सांगणाऱ्या खुणेआधी नेमका टॅबच लागे. आता खूण ओळखू येईना, म्हणून मजकूर संपेना. उरलेली सगळी स्क्रिप्ट, शेऱ्यांसकट, मेलात शिरली आणि गावभर गेली.

'वेळ सकाळची टाकली आहे. गाडी जेवणानंतरच निघते.'

'कपाट उचलायला दोघं लागतात. आपण एकालाच पाठवतो.'

साहेबांनी बोलावलं. "हे कुणी लिहिलं?"

"ज्याने त्याने. पण खरं लिहा, हा नियम माझा," काका ताठ मानेने म्हणाले आणि जागेवर जाऊन आधी तो टॅब परत घातला.

मग सगळे कान टवकारून फोनजवळ बसले. फोन वाजेनात. एरवी सकाळपासून 'कुठे पोचलात'चा भडिमार असायचा. दुपारी एका ग्राहकाचं उत्तर आलं: 'मेव्हण्याला मदतीला थांबवून घेतलंय. सावकाश या.' संध्याकाळपर्यंत एकही कपाट दारातून परत आलं नाही.

साहेब स्वतः टेबलापाशी आले. "उद्याही हेच पाठवा."

"साहेब, ती चूक होती. मी सुधारली."

"मग परत करा."

काकांनी जड हाताने टॅब काढून पुन्हा स्पेस घातल्या. पण शेऱ्याशिवाय बदल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. खाली त्यांनी लिहिलं: 'ही चूक साहेबांच्या हुकमावरून. कुणी सुधारू नये.'

मुलगी वाकून वाचत होती. "काका, हेसुद्धा मेलात जाईल."

"जाऊ दे," काका म्हणाले. "खरं आहे."