सायकलींच्या पत्र्याखालीं नाटक जाहालें त्याची हकिकत

श्रीगजानन प्रसन्न. शारदा माताही प्रसन्न असावी, परंतु या राज्यांत तिची तसबीर कुलपाआड असे, म्हणोन खात्री देववत नाहीं. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौष मासीं, एका शाळेच्या राज्यांत वर्तमान जाहालें तें ऐसें जे, राज्याचे अधिपती आबासाहेब अध्यक्ष, यांणीं थोरलें सभागृह बांधविलें, रंगमंच केला, मखमली पडदा लाविला आणि मुलें मळवितील म्हणोन टाळें ठोकिलें. लग्नकार्यास मात्र तें सदा उघडें. आणि नाटक शिकविणाऱ्या केतकीबाई, यांस शाळा सुटलियावर नववीच्या मुलांचा वर्ग घेण्यास सायकली लावावयाचा पत्रा नेमून दिल्हा. "कलेला जागा लागत नाही बाई, जिद्द लागते," ऐसें आबासाहेब बोलिले आणि आपण गार हवेच्या यंत्राखालीं जाऊन बैसले. वाहवा रे जिद्द! राजा क्यारियरवर बैसे, प्रधान बोलूं लागतां एक सायकल कलंडे आणि तिजमागें अवघी रांग जमीनदोस्त होय, आणि पाण्याचा ट्यांकर घरघरत आला म्हणजे राणीनें तोंड मिटून उभें राहावें. तरी बाई हटल्या नाहींत.

राणी निकिता घोलप. पोर मोठी तडफेची. दुष्काळांत राजाचें कोठार प्रजेस उघडून देते, ऐसें सोंग तिजकडे. तिचे तीर्थरूप बबनराव रिक्षा चालवीत. ते बाईंस तोंडावर बोलिले, "नाटकानं पोट भरतं का, बाई? गॅदरिंगला एकदा बघतो. नाही पटलं तर सोमवारपासून पोरगी मावशीकडं शिवणकामाला." ही पोर गेली तर वर्गांत राहिलें काय?

मग संमेलनाचा दिवस उगवला आणि सभागृह उघडलें, परंतु सायंकाळीं तेथेंच कोण्या ठेकेदाराचे कन्येचा साखरपुडा, त्याआधीं सर्व उरकावें ऐसा हुकूम. आणि सत्कार सुरू जाहाले. पाहुण्यांचा, पाहुण्यांस घेऊन आले त्यांचा, मग मंडपवाल्याचा, मग सत्कार करून दमले त्यांचाही सत्कार. मग आबासाहेब "दोन शब्द" म्हणोन उभे राहिले ते बसतां बसेनात. पडद्यामागें मुगुट घालून मुलें ताटकळलीं, राणीचें काजळ गालीं उतरलें, आणि मागल्या रांगेंत बबनराव दाराकडे पाहूं लागले. इतकियांत साखरपुड्याचीं फुलें घेऊन माणसें आंत शिरलीं. आबासाहेब म्हणाले, "पोरांचं पुढल्या वर्षी बघू. आता आभार घ्या उरकून."

बाईंचें मस्तक फिरलें. त्यांणीं सरळ माईक ओढोन घेतला आणि बोलिल्या, "नाटक बघायचं असेल त्यांनी सायकलींकडे चला. इथं फक्त नारळ मिळतील!" आणि काय सांगावें, अवघे आईबाप उठले, आबासाहेबांपुढें खुर्च्या तेवढ्या राहिल्या. पत्र्याखालीं अंधार पडला होता. बबनराव कुरकुरले, "असल्या काळोखात काय डोंबल दिसणार?" आणि बोलतां बोलतां रिक्षा वळवून दिवा पोरांवर धरते जाहाले. मग राणी गरजली, "उघडा कोठार! भुकेल्याला उद्या या म्हणायला लाज नाही वाटत?" आणि आया पदरानें डोळे पुसूं लागल्या, बबनराव तर नाक शिंकरीत दिव्यामागें दडले.

टाळ्या ऐकोन आबासाहेब धांवत आले आणि पाहुण्यांस सांगूं लागले, "ही कल्पना माझीच!" लाज कशाशीं खातात हें त्या राजास ठाऊक नाहीं. रविवारींच पत्र्याभोंवती जाळी मारविली, वर "आबासाहेब मुक्त रंगमंच" ऐसा फलक चढविला, आणि मंत्री उद्घाटनास येईतों आंत पाऊल ठेवूं नये, ऐसा हुकूम सोडिला. सोमवारीं बाई मुलांसह जाळीबाहेर उभ्या. तों बबनराव रिक्षा घेऊन आले, लेकीस उतरविलें आणि म्हणाले, "शिवणकाम राहू द्या, बाई. पोरगी रोज येईल. वर्ग कुठं भरतो, तेवढं सांगा."

बाईंनीं जाळीवरील फलकाकडे बोट दाखविलें.

ऐसें हें राज्य. पोरें शिकावयास तयार, बाप धाडावयास तयार, आणि उभें राहावयास जागा नाहीं. जें घडलें तें लिहिलें. राग येणाऱ्यास येवो.