राजहंसाचा तुरा

खुर्ची कुरकुरत होती म्हणून उस्तादांनी तेलाची कुपी आणली, इथपर्यंत सगळं ठीक होतं.

"अहो, खाली पेपर घाला," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पेपर कशाला? थेंबभर तेल टाकायचंय, आंघोळ नाही घालायची."

"खाली गालिचा आहे. उद्या ताई न्यायला येतायत."

"मला माहितीये कोण काय न्यायला येतंय ते," असं म्हणत उस्तादांनी खुर्ची उलटी केली. तिचा पाय कुपीला लागला आणि कुपी आडवी झाली. तेलाला घाई नव्हती. ते सावकाश, ऐटीत, एखाद्या पाहुण्यासारखं गालिच्यावर पसरून बसलं.

उस्ताद हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकदा त्यांनी शेजाऱ्यांचा गीझर दुरुस्त केला होता. शेजाऱ्यांनी लगेच दुसऱ्या आठवड्यात नवा गीझर घेतला, पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. घरात कुठलीही वस्तू बिघडली की उस्ताद कारागिराला हात लावू देत नसत. ती आधी स्वतः पूर्ण बिघडवत आणि मगच सोडत.

पण हा गालिचा म्हणजे ऐरीगैरी वस्तू नव्हती. तो वडिलांचा होता. रंगाने तपकिरी, आणि मध्यभागी एक राजहंस. वडील पाहुण्यांना दारातच सांगत, "सांभाळून हं, राजहंसावर पाय देऊ नका." भांडण नको म्हणून त्यांनीच ठरवून ठेवलं होतं की गालिचा एक वर्ष लेकाकडे राहील, एक वर्ष लेकीकडे. त्यांच्या मागे ताईने त्यात एक कलम वाढवलं : ज्याच्या घरी गालिचा खराब होईल, त्याचा हक्क कायमचा संपला.

ताईपुढे काही लपत नसे. बँकेत सह्या पडताळण्यात तिची सगळी नोकरी सरली होती. चेकवरची सही आणि मूळ सही शेजारी शेजारी ठेवायची, चष्मा वर करायचा आणि म्हणायचं, "खोटी." निवृत्त झाली तरी चष्मा तसाच वर जायचा. लग्नपत्रिकेपासून दुधापर्यंत.

उस्ताद मात्र ह्या गालिच्यावर रांगायला शिकले होते. तापात ह्याच राजहंसाशेजारी झोपले होते. गालिचा कायमचा जाणार हा विचारच त्यांना सहन होत नव्हता. पण चेहऱ्यावर त्यांनी तो येऊ दिला नाही.

बायको दारात येऊन उभी राहिली. डाग बघितला, नवऱ्याकडे बघितलं.

"पेपर देऊ का आता?"

"टोमणे नंतर. कॉर्नफ्लॉवर दे."

"सूप करताय?"

"ड्राय क्लीनिंग. तेलाला पाणी लावायचं नसतं. वरून कोरडं पीठ घालायचं, ते तेल पिऊन टाकतं. मग झटकलं की झालं. लॉन्ड्रीवाले हेच करतात आणि वर आपल्याकडे उपकार केल्यासारखे बघतात."

आणि मंडळी, नवल म्हणजे ते खरं होतं. उस्तादांनी पीठ दाबून बसवलं, दोन कप चहा होईपर्यंत थांबले, मऊ ब्रशने हलक्या हाताने झटकलं. तेल गेलं. डाग गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा एक उपाय पहिल्या फटक्यात लागू पडला होता, आणि नेमका तोच त्यांना नडला. कारण तेलासोबत कित्येक वर्षांचा मळही गेला होता. तपकिरी गालिच्याच्या ऐन मध्यावर बशीएवढी लालभडक जागा उघडी पडली. रात्री खिडकीत दिवा लागावा तशी ती लांबून दिसत होती.

बायकोने वाकून बघितलं.

"अहो, राजहंसाला तुरा असतो का?"

"कसला तुरा?"

"हा काय. डोक्यावर. लाल."

उस्तादांनीही वाकून बघितलं. राजहंसाच्या डोक्यावर दातेरी, टवटवीत तुरा उभा होता. आजवर तो मळात असा काही मिसळून गेला होता की कुणाला पत्ता नव्हता.

"मुकुट आहे तो," उस्ताद म्हणाले. "राजहंस आहे ना? राजाला मुकुट नको?"

"आणि चोचीखाली लोंबतंय ते?"

"दाढी."

आता इकडे आड, तिकडे विहीर. बशीएवढा लाल डाग ताईच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. एक तर तो पुन्हा मळवायचा, नाहीतर उरलेला गालिचा त्याच्या बरोबरीला आणायचा. मळवणं हा उस्तादांना स्वतःचा अपमान वाटला. त्यांनी पिशवी उचलली आणि कोपऱ्यावरचं किराणा दुकान गाठलं.

"कॉर्नफ्लॉवर आहे?"

"आहे की. किती देऊ?"

"आहे तेवढं. आणि खायचा सोडा. तोही आहे तेवढा."

दुकानदाराने त्यांच्या पोटाकडे बघितलं. "दुखणं एवढं वाढलंय तर डॉक्टरला दाखवा, साहेब."

"पोटासाठी नाही. गालिच्यासाठी."

"गालिच्याला काय झालं?"

"राजहंसाला तुरा फुटलाय."

दुकानदाराने पिशवी झटपट भरून दिली.

दुपारी गालिचा दिसेनासा झाला. त्याच्या जागी घरात बर्फ पडला होता. उस्ताद हातापायावर रांगत, दुसऱ्यांदा त्याच गालिच्यावर रांगत, ब्रश फिरवत होते. पीठ मळ ओढून राखाडी होत चाललं, तशी त्यांची छाती फुगत चालली. शेवटी त्यांनी माळ्यावरून व्हॅक्यूम क्लीनर काढला. हा क्लीनर त्यांनी मागे एकदा स्वतः दुरुस्त केला होता, हे लक्षात ठेवा.

"नळी नीट लावलीत ना?" बायकोने आतून विचारलं.

"लावली."

"त्याला दोन भोकं आहेत. एकातून आत ओढतं, एकातून बाहेर—"

"भोक ते भोक," उस्ताद म्हणाले आणि बटण दाबलं.

पुढचा काही वेळ घरात कुणाला काही दिसलं नाही. टीव्ही पांढरा झाला, पडदे पांढरे झाले, भिंतीवरच्या फोटोतले वडील पांढरे झाले. त्या ढगातून बायकोचा आवाज तेवढा आला, अगदी शांत. असा शांत आवाज नवऱ्यांना चांगला ओळखू येतो.

"दुसरं भोक, अहो. दुसरं."

संध्याकाळ घर पुसण्यात गेली. पण दुसऱ्या भोकाने काम चोख केलं. सगळं पीठ, सगळा मळ क्लीनरच्या पिशवीत जाऊन बसला, पिशवी उशीसारखी टम्म फुगली. उस्तादांनी सगळे दिवे लावले आणि दोघं नवराबायको गालिच्याकडे बघत उभे राहिले. लाल. झगझगीत लाल. कडेनं हिरवी वेल, जी आजवर कुणी पाहिलीच नव्हती. आणि मधोमध, शंकेला जागा न ठेवता, एक गुबगुबीत कोंबडी. मान जरा लांब होती, हे खरं. विणणाऱ्याने मानेला हात सढळ सोडला होता. पण तुरा होता, फताड्या पंजाचे पाय होते, आणि वडील पाहुण्यांना ज्या कमळाच्या कळ्या म्हणून दाखवत, ती अंडी होती.

"बाबांना नका सांगू," बायको फोटोकडे बघून हळूच म्हणाली.

"डाग कुठे दिसतोय का?" उस्ताद म्हणाले. "डाग दिसत नाही ना? मग झालं. ताई खूश होईल बघ."

रविवारी सकाळी ताई आली. मागून तिचे यजमान, म्हणजे भाऊजी, हातात नेहमीचा रुमाल. भाऊजी भला माणूस. ह्या गालिच्याने मात्र त्यांच्या नाकाशी उभा दावा मांडला होता. गालिचा ज्या वर्षी त्यांच्याकडे असे, ते वर्ष ते शिंकण्यात काढत. इथे आले तरी उंबऱ्यापासून सुरुवात होई. पण ताईच्या वडिलांचा गालिचा, त्याला नावं कोण ठेवणार?

ताई गालिच्यासमोर उभी राहिली. चष्मा वर गेला.

"हे काय आहे?"

"आपला गालिचा. ड्राय क्लीन केलाय. घरच्या घरी, स्वतःच्या हाताने," उस्ताद म्हणाले. "थँक्यू वगैरे राहू दे."

"कितीला विकलास?"

"काय?"

"बाबांचा गालिचा. कितीला विकलास आणि हा फुटपाथवरून कितीला आणलास?"

"अगं ताई, हाच तो."

"आपला तपकिरी. हा लाल. आपल्यावर राजहंस. ही कोंबडी. नक्कल करणाऱ्याने निदान पक्षी तरी बरोबर काढावा." ताई वाकली. "आणि अंडी. अंडी घालून ठेवलीत वर."

"ती कमळं आहेत," बायकोने नवऱ्याची बाजू लढवून पाहिली.

"वहिनी, मी जन्मभर खोट्या सह्या पकडल्यात. माणूस पकडला गेला की अगदी ह्याच्यासारखा घाम फुटतो त्याला. आणि सगळ्यात मोठा पुरावा सांगू? हे बघ." तिने भाऊजींना हाताला धरून गालिच्याच्या मध्यावर, कोंबडीवर, उभं केलं. "घरात आल्यापासून हे एकदाही शिंकलेले नाहीत. हा बाबांचा गालिचा असणं शक्य नाही."

भाऊजींनी नाक ओढून पाहिलं. मोकळं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण समाधान पसरलं. पण ताईकडे बघून त्यांनी ते आवरतं घेतलं.

उस्ताद हादरले. गालिचा खराब झाला म्हणून जाईल ही भीती होती, आता तर चोरीचा आळ आला होता, तोही स्वच्छतेपायी. पण नावाप्रमाणे माणूस उस्ताद. ते उठले, आत गेले आणि क्लीनरची टम्म पिशवी दोन्ही हातांनी, बाळासारखी, घेऊन आले.

"हा घे," ते म्हणाले. "हा उरलेला गालिचा."

आणि त्यांनी भाऊजींच्या नाकाखाली पिशवीचं तोंड उघडलं.

पहिली शिंक दाराबाहेर ऐकू गेली असेल. दुसरीला कपाटाची काच थरथरली. मग भाऊजी थांबेनात. खुर्चीत बसून शिंकले, उभं राहून शिंकले, भिंतीला धरून शिंकले. मधे श्वास मिळाला तेवढ्यात त्यांनी हात वर करून साक्ष दिली, "तोच आहे. शंभर टक्के. तोच—" आणि पुन्हा सुरू झाले.

ताईने चष्मा काढून पुसला. एवढा अस्सल पुरावा तिला बँकेतही मिळाला नव्हता.

"बरं. आपलाच आहे," ती म्हणाली. "पण मग तू राजहंस घालवलास. कलम आठवतंय ना? खराब झाला तर—"

"खराब कुठे झालाय, ताई?" बायको चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. "स्वच्छ झालाय. कलमात स्वच्छतेचं काही नाही."

ताईने चहाचा घोट घेतला. भाऊजींकडे बघितलं, ते डोळे पुसत होते. कोंबडीकडे बघितलं.

"मी असा नेणार नाही," शेवटी ती म्हणाली. "माझ्या इमारतीतल्या सगळ्या बायकांना मी राजहंस म्हणून सांगून बसलेय. एकीने तर त्याच्यावरून बघून उशीच्या अभ्र्यावर भरतकाम केलंय. आता काय तिला सांगू, उशीवर कोंबडी आहे तुझ्या? राहू दे तुझ्याकडेच. राजहंस परत आला की न्यायला येईन. तोवर नाही."

त्या दिवसापासून उस्तादांच्या घराचा कायदा फिरला. "चपला बाहेर काढा" म्हणून जन्मभर ओरडलेली बायको पाहुण्यांना दारात अडवून सांगू लागली, "असू दे, असू दे, बूट घालूनच या. मधोमध चाला." पेपरवाला, गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस, सगळे कोंबडीवरून जाऊ लागले. तीही गुणाची. रोज थोडी थोडी हंस होत गेली. वर्ष भरत आलं तोवर लाल रंग विटला, वेल बुडाली, अंडी मिटून कमळं झाली, आणि तुरा पार दिसेनासा झाला.

उस्ताद त्या राजहंसाकडे बघत बसले. उद्या ताई येणार. बघणार. नेणार.

"कॉर्नफ्लॉवर आहे का गं घरात?" त्यांनी विचारलं.

बायकोने डबा आणून दिला. ह्या वेळी खाली पेपरही घातला, उगाच सवय म्हणून. उस्तादांनी चिमूटभर पीठ घेतलं आणि फक्त तुऱ्यावर चोळलं. तुऱ्यावर आणि दाढीवर. झटकलं. तपकिरी गालिच्यातून लाल तुरा पुन्हा ताठ उभा राहिला, बाकीचा पक्षी बिचारा हंसच.

दुसऱ्या दिवशी ताई आली. चष्मा वर गेला. ती वाकली, तुऱ्यावरून एक बोट फिरवलं आणि ते डोळ्यासमोर धरलं. बोट पांढरं झालं होतं. उस्तादांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

दारातच थांबलेल्या भाऊजींनी तेवढ्यात एक सणसणीत शिंक दिली आणि आशेने ताईकडे बघितलं.

ताईने बोट उस्तादांच्या शर्टाच्या बाहीला पुसलं.

"अजून कोंबडीच आहे म्हणायची," ती म्हणाली. "वहिनी, चहा टाक."

भाऊजींनी रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली. चहा झाला, गप्पा झाल्या, राजहंसाचं नाव कुणी काढलं नाही. आपण बँकेच्या पडताळणीवालीला गंडवलं ह्या आनंदात उस्ताद त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. भाऊजी पुढे रिक्षा थांबवायला गेले, तशी ताई वळली.

"पुढच्या वर्षी पीठ जरा नीट झटक," ती हळू आवाजात म्हणाली. "खोटी सही करणाऱ्याने टेबलावर पेन विसरू नये."